एकोण

रविवारी आम्ही मोजे मोजतो.
स्वयंपाकघरात, छताखालच्या पुलीवर
वाळून कडक झालेले.
तिचे, माझे, बाबाचे –
बाबाचे जाड लोकरी, धुऊनही
डिझेलचा वास न सोडणारे.
शालू जोड्या लावते. दोन, चार, सहा.
एक उरतोच.
"ह्याला विषम म्हणतात," मी सांगते.
ती त्याला थोपटते
आणि उशीखाली नेऊन ठेवते.

शाळेतून चिठ्ठी आली होती:
गणितासाठी घरातल्या वस्तू वापरा,
चमचे, बटणं, बिस्किटं.
तेव्हापासून घरात धड काही जागेवर नाही.
गरम मसाल्याच्या डब्यातल्या लवंगा दहा-दहाच्या ढिगात.
जिन्याला तेरा पायऱ्या,
आणि एक, जी अंधारात पायाला उगाच वाटते.
दुधाची बाटली पाऊण, मग अर्धी, मग पाव,
मग नुसती तळाशी पांढरी,
तिला कुठल्याच भाषेत अपूर्णांक नाही.

खालच्या मजल्यावरची मोराग गेडिस
बहिणीकडची अंडी घेऊन येते, वर्तमानपत्रात गुंडाळून.
ओट्यावर एकेक ठेवत मोजते, तिच्या बोलीत,
आठाला म्हणते "एख्त",
घशातून खरवडून काढल्यासारखं.
शालू कान टवकारते:
"आई, ही आपलं आठ म्हणतेय!"
त्या दिवसापासून मोराग तिच्या लेखी
मराठीच आहे, जरा सर्दी झालेली.

इंग्रजीत ती शंभरापर्यंत घसरगुंडीवरून जाते.
मराठीत अठरापाशी अडते.
"नऊ आणि दहा का नाही म्हणत?"
मी दोरीला वीस चिमटे लावते, एक काढून
मुठीत लपवते.
"किती आहेत ते सोड. किती व्हायला हवेत?"
"वीस."
"मग कोण नाहीये?"
विचारता विचारता
माझंच मला ऐकू येतं.

एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास.
आपली भाषा दर दहा पावलांवर दारात थांबते,
न आलेल्या एकाचं ताट वाढून.
फक्त नव्याण्णवला, का कोण जाणे,
तिचाही धीर सुटतो.

बुधवारी बाबा यायचा होता, तीन आठवड्यांनी.
दुपारीच समुद्रावरून धुकं चढलं.
ॲबर्डीनमध्ये त्याला हार म्हणतात,
गळ्यात घालायचा नव्हे,
पत्करायची, तसलं काहीतरी.
समोरच्या घरांचा दगडही दिसेना.
रिगवरून फोन: हेलिकॉप्टर उडत नाहीये.
आज नाही. उद्याचं सांगता येत नाही.

ताटं मांडणं शालूचं काम.
तिनं तीन मांडली होती.
एक उचललं, पुसलं नसतानाही पुसलं,
रॅकमध्ये उभं केलं.
मग बोटानं मोजून, हिशेब देत म्हणाली,
"आई, आज आपण एकोणतीन."

त्याला दोन म्हणतात, बाळा,
असं म्हणायला मी तोंड उघडलं.
पळीतलं वरण
थेंब थेंब पातेल्यात परत गेलं.
"बरोबर," म्हटलं.

शनिवारी तो आला, दाढी वाढलेला,
कानात अजून पंख्याची घरघर,
प्रत्येक वाक्याला "काय?" विचारणारा.
शालूनं त्याला मोजलंसुद्धा नाही,
सरळ त्याची पिशवी उपडी केली.
आतून पाच मोजे निघाले.
एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही,
करडा, निळा, एक तर कुणा भलत्याच माणसाचा.
ती धावत गेली, उशीखालचा घेऊन आली.
तोही कशाशीच जुळला नाही.
सगळे तिनं जमिनीवर ओळीत लावले,
पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजले.
"सहा," ती म्हणाली.
"आई, सम झाले."