कुंडलवाडीच्या वाटेवरची सराई

वजनमापं तपासायला आलो होतो.
सराईच्या भिंतीत घोडे बांधायच्या कड्या अजून आहेत,
एकीला कुणाची तरी लुना
साखळी घालून ठेवलेली.

पोशट्टी गौड शिंदीची घागर हलवत म्हणाला,
"कवाची देऊ सायेब?
पहाटची गोड हाय,
दुपारची जिभेला चावती,
कालची घेतली तर भांडण संगट येतंय."

आधी माप दाखव, म्हटलं.

त्यानं आजाचा लोटा पुढं केला, कुशीत पोचा पडलेला.
मी पाणी भरून मोजलं,
लिटराला दीड घोट कमी.

"डाकेच्या घोड्यानं लाथ घातली व्हती,
निजामाच्या टायमाला.
तवापासून समदं गाव तेवढंच पितंय."

ओट्यावरची माणसं हसली.
मला हसू येत होतं, तरी पावती फाडली.
त्यानं दंड भरला, नोटा शिंदीनं ओल्या,
मग लोटा भरून माझ्या हातात दिला
आणि वरून, मोजून,
दीड घोट ओतला.

माझ्या एकट्याच्याच लोट्यात.

ओट्यावर आता कुणी हसत नव्हतं.
पहाटेची होती,
तरी आंबट लागली.