राजा सोडून

पान एकसष्टवर माझी पेन्सिल अडली.
नारायण पेठेतला छापखाना, बैठ्या खेळांचं पुस्तक,
दुसरं प्रूफ, आणि समोर हे वाक्य:
'दोन बाजूंनी चेपली की सोंगटी मेली, राजासुद्धा.'
व्याकरण चोख. अनुस्वार जागच्या जागी.
तरी काहीतरी लागलं दाताखाली,
भातातल्या खड्यासारखं.

मग बोहरी आळीत शमसुद्दीन खराद्याकडे गेले.
लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब;
चौकोनी असं त्यानं जन्मात काही केलं नव्हतं.
'अकरा गुणिले अकरा घरं,' मी म्हटलं,
'शिसवीच्या चोवीस, हळदूच्या बारा, वर एक राजा.'
'बारावर चोवीस? ही कसली लढाई?'
'उत्तरेकडच्या दर्यावर्दींची. ह्नेफाटाफल.'
त्यानं ते नाव दोनदा तोंडात घोळवलं
आणि लेथ सुरू केला. ते त्याला सोपं होतं.

राजा काढला पाळण्यावरच्या मोडक्या पोपटातून.
बुडाशी थोडा हिरवा रंग राहिला.

दुपारी गिऱ्हाईक नसताना खेळायचो,
भुश्शाच्या पोत्यावर पाट टाकून.
राजा मधोमध, त्याला चिकटून त्याची माणसं,
चारी कडांना दुप्पट शत्रू.
सगळे चालणार हत्तीसारखे, सरळ.
फासा नाही, म्हणजे नशिबावर ढकलायची सोय नाही.
राजानं फक्त कोपरा गाठायचा.
वेढ्यातून निसटणं म्हणजे जिंकणं,
हे आपल्या मुलखात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण राजा रोज मरायचा.
आठव्या खेळीला, दहाव्या.
एकदा तर चहा येईस्तोवर.

सातव्या दिवशी शमसुद्दीननं सोंगट्या पिशवीत भरल्या.
'ताई, नियम खोटा आहे.'
'छापलंय तसं.'
'छापलं असेल. पण ज्या डावात एकच बाजू जिंकते
तो कुणी थडग्यात बरोबर नेईल का?'
(हे मीच त्याला सांगून बसले होते:
नावेसकट पुरलेले सरदार, शेजारी काचेच्या सोंगट्या.)

शोधत गेले.
माग निघाला थेट लॅपलँडात.
तिथे एका तरुण वनस्पतीशास्त्रज्ञानं
फुलापानांच्या टिपणांतच हा खेळ लॅटिनमध्ये उतरवलेला,
नऊ घरांचा, जरा धाकटा.
पुढे कुणीतरी त्याचं इंग्रजी केलं. घाईत असेल.
'राजा सोडून' होतं, तिथे 'राजासुद्धा' झालं.
एवढंच.
आणि मग पुस्तकामागून पुस्तकात
राजा प्याद्याच्या मरणानं मरत राहिला,
ज्याला खरं तर चारी बाजूंनी घेरावं लागतं.

चाळीस वर्षं मी लोकांच्या चुका लाल शाईनं धरते.
माझ्या नजरेखालून किती राजे असे गेले असतील.

'आणि खेळ संपला कशानं?' त्यानं विचारलं.
'आपल्या चतुरंगानं. इराण, अरबस्तान करत तिकडे पोचला,
पाहुणा म्हणून बसला आणि यजमानाचाच पाट उचलला.'
'म्हणजे देणं लागतो आपण,' म्हणाला,
आणि कुणी न सांगता आणखी तीन संच कातले.
अजून तिन्ही फळीवर आहेत.

त्याच्या दुकानाच्या एका अंगाला आता मोबाईलची कव्हरं,
दुसऱ्या अंगाला प्लास्टिकचे पोळपाट.
'चेपलास की रे,' मी परवा म्हणून गेले.
त्यानं भुसा झटकला, माझ्या प्रुफातलं पान बासष्ट काढलं
आणि अक्षर लावत वाचलं:
'जी सोंगटी आपण होऊन दोन शत्रूंच्या मध्ये येते,
ती मरत नाही.'
'हे दोघे आधीचेच, ताई. मी मागाहून आलो.'

खरं-खोटं तपासणं माझं काम. तरी विचारलं नाही.
पाटावर हिरव्या बुडाचा राजा
कोपऱ्यापासून तीन घरांवर होता,
वाटेत एकच शिसवी.