धर्माची गाय

तार्तूत दुपारी साडेतीनलाच अंधार.
काल अपडेट आलं, आणि सकाळपासून
डोक्यावर लाट असलेला इथला ‘ओ’
छापताना रिकामा चौकोन होतो.
गुरुवारी कॉयरची तालीम. चाळीस प्रती,
गाण्यागाण्यात भोकं.

‘धर्माची गाय,’ उर्मास बूट काढत म्हणतो,
‘तिचे दात कसले मोजतेस?’

हेल्वे मोजतेच.
ही गाय जबडा उघडू देते.
आत, फॉन्टच्या फाइलीत, कुणा परक्याची टीप:
‘हे तात्पुरतं आहे. पहाटेचे चार वाजलेत. माफ करा.’
तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

ती एक आकडा बदलते. चुकतो.
दुसरा बदलते.
लाट येते.

मग त्या माफीच्या खाली, जरा थांबून,
आपलीही वेळ लिहिते:
रात्रीचे सव्वादोन. चहा गार.