आडवा हात

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी
टीव्हीच्या वरच्या फळीवर एक कप आहे,
जर्मन सिल्व्हरचा, एक कान निखळलेला.
त्यात सध्या रबरबँड, संपलेले सेल
आणि गॅसच्या पावत्या.
कपावर कोरलंय:
गुटगुटीत बालक, प्रथम क्रमांक, १९८४.

शेजारी फोटो. उदयन, वय अकरा महिने,
मनगटाला दोरा आवळून बांधावा तशा वळ्या,
डोळे गालांत बुडालेले,
आणि कुणा परीक्षकाचा हात त्याच्या मांडीवर,
भोपळा पारखावा तसा.

आता उदयन एक्केचाळीसचा.
सकाळी दोन गोळ्या, रात्री एक.
सुरसागरला अर्धी फेरी मारून बाकावर बसतो
आणि तळ्यातल्या महादेवाकडे बघत
श्वास गोळा करतो.
मी त्याला काही बोलत नाही.
त्याला तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं.

आमची ओवी सात महिन्यांची.
दूध पिताना एका क्षणी आपणच सोडते,
दुपारी एकला रावपुऱ्यातला दुकानदार
शटर ओढतो तशी.
मग ब्रह्मदेव आला तरी उघडत नाही.

पण वाटी-चमचा सुरू झाला
आणि घरात मोजदाद सुरू झाली.
माई मुगाच्या खिमटात साखर घालतात, चिमूट चिमूट करत चमचाभर:
"बडोद्यात वरणातसुद्धा गूळ,
मग हिलाच का अळणी?"
एक घास चिऊचा, एक काऊचा,
एक कमाटी बागेतल्या वाघाचा,
एक वरच्या मजल्यावरच्या पटेलकाकांचा.
ओवी मान खिडकीकडे वळवते.
चमचा मानेमागून जातो.
ओवी ओठ मिटते.
चमचा ओठांवर टकटक करतो,
वसुलीला आल्यासारखा.

लसीच्या खोलीत हंसाबेननी वजनाचा कागद पाहिला,
रेघेवर बोट फिरवलं, म्हणाल्या,
"बराबर चाले छे. मोढुं फेरवे एटले बस.
साकर नहीं, मीठुं नहीं,
ने जबरदस्ती तो नहीं ज."
माईंनी गुजराती कळत नसल्यासारखा चेहरा केला,
पन्नास वर्षं बडोद्यात काढलेल्या बाईनं.

त्या रात्री मी म्हटलं,
माई, तिचं पोट तिला कळतं हो.
माई वाटी घेऊन मोरीत गेल्या.
नळ बराच वेळ चालू.
मग तिथूनच, पाठमोऱ्या:
"उदयनच्या आधी एक होती.
नऊ महिन्यांची.
चमचाभर पाणी ठरत नव्हतं पोटात.
शेवटी शेवटी झबलं तिच्यापेक्षा जड लागायचं हाताला.
पुढं हा झाला.
ह्याला मी रिकामा ठेवला नाही.
एवढंच."

म्हणजे त्या कपात,
रबरबँड आणि पावत्यांच्या खाली,
एक झबलं होतं इतकी वर्षं.
मला पुढं काही सुचलं नाही.
वाटी तेवढी पुसून ठेवली.

रविवारी जेवायला बसलो.
ओवी माझ्या मांडीवर, मऊ शिजलेलं गाजर मुठीत,
निम्मं तोंडाला, निम्मं माझ्या ओढणीला.
माई श्रीखंडाचा डाव घेऊन उभ्या.
उदयननं ताटावर हात आडवा धरला.
तसा तो रोजच धरतो,
आणि रोज बोटांच्या फटीतून वाढलं जातं,
"हाताला काय कळतंय" म्हणत.

आज डाव तिथंच थांबला.
टोकाला श्रीखंड लोंबत राहिलं, पडेना.
"पुरे?"
माईंनी इतक्या हळू विचारलं
की आम्हाला वाटलं, ओवीला विचारताहेत.

उदयननं वर पाहिलं.
हात तसाच आडवा.
एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर
त्याला पटकन सापडेना.