एकच व्यक्ती

शिवाजीनगर कोर्टाबाहेर माझं टेबल,
वर निळी ताडपत्री, पुढ्यात अजून टाइपरायटरच.
भाडेकरार, गॅप सर्टिफिकेट, हरवलेली गुणपत्रिका
आणि नावातल्या चुका.
माझं निम्मं घर नावातल्या चुकांवर चालतं.

बुधवारी डॉक्टर लिलियन याप आल्या.
लष्करात सेंटर स्ट्रीटला वडिलांचा दातांचा दवाखाना.
चिनी डॉक्टर, एवढंच म्हणायचे लोक;
माझ्या आईची कवळी तिथलीच.
वडील मार्चमध्ये गेले, खातं अडकलं.
पिशवीतून एकेक कागद निघाला.

दवाखान्याच्या पाटीवर याप,
कलकत्त्याच्या जन्मदाखल्यावर यॅप,
पासबुकात एप,
मतदारयादीत जप.
"जप कोन फा," मी मोठ्यानं वाचलं.
"कोण?" शेजारच्या टेबलावरून काळोखे.
"कोन," बाई म्हणाल्या,
आणि सवयीचं हसल्या.

हाँगकाँगची आत्या इप लिहिते,
तैपेईचा चुलतभाऊ येह,
बीजिंगकडे तर नुसतंच ये.
"मराठीत ते बोलावणं झालं," मी म्हणालो.
"हो, पण बोलावलं कुणी नाही.
बासष्ट साली पोलीस आले घरी,
त्यांच्या वहीत काय लिहिलंय, देव जाणे."

मी कार्बन सरळ केला.

अर्थ प्रतिज्ञापत्रात लागत नाही, तरी विचारला.
"पान. झाडाचं.
पण आडनाव पानावरून नाही आलं, गावावरून आलं.
अडीच हजार वर्षांपूर्वी म्हणे
कुणा सरदाराला एक गाव मिळालं,
पोराबाळांनी गावाचंच नाव लावलं.
तुमच्यासारखंच. फक्त कर नाही लागला."

माझ्या यंत्रात ळ आहे, ज्ञ आहे,
त्या अक्षराची कळ नाही.
मी दोन इंच जागा कोरी सोडली.
त्यांनी पेनानं काढलं:
वर गवत, मधे पिढी, खाली झाड.
मी फटकारे मोजत होतो, आठाच्या पुढे चुकलो.
"तिकडे आता सोपं लिहितात,
एक तोंड आणि शेजारी दहा.
बाबा म्हणायचे, दातवाल्याला तोंड पुरे,
पण मग पान कुठं गेलं?"

*वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती माझे वडील होत.*
'होत' खोडून 'होते' करू का, विचारलं.
त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या.
"राहू दे."

शिक्क्याच्या खाली माझी सही वाचून म्हणाल्या,
"शिरवळकर. म्हणजे शिरवळ तुमचं गाव?"
बँकेत माझा व डब्ल्यूचा, आधारवर व्हीचा;
ते नाही सांगितलं.
म्हटलं, "साताऱ्याची एसटी थांबते तिथं.
मी कधी उतरलो नाही."

"आमचं तसंच," म्हणाल्या,
आणि सुट्टे नव्हते म्हणून
दहा रुपये जास्तीचे ठेवून गेल्या.