दुसरं पाणी

बटाटा बारीक चिरायचा, भरपूर पाण्यात उकळायचा,
पाणी ओतून द्यायचं. मग दुसरं.
हडर्सफील्डच्या इस्पितळातल्या आहारवाल्या बाईंनी
कागदावर दोनदा रेघ ओढलीय: दुसरं.

पालक नाही. अळू नाही.
शेवग्याची तर आठवणही मोजून.
कोबी चालेल. उद्याही कोबी चालेल.
शालन विचारते, "चवही गेली का हो पाण्याबरोबर?"
मी फोडणीत हिंग जरा सैल हातानं टाकतो.
चाळीस वर्षं तिच्या हातचं आयतं जेवून
आत्ता कुठे कळतंय
मोहरी कधी गप्प होते.

ते पाणी सिंकमध्ये ओतवत नाही.
निवलं की मागल्या दारी
कुंडीतल्या टोमॅटोला घालतो.
तिच्या रक्ताला जे नको, ते त्याला हवंच असतं.

ऑगस्टात चार दिवस ऊन पडलं,
नऊ टोमॅटो लाल झाले.
आठ शेजारच्या हेपवर्थबाईंना.
नवव्याची एकच चकती,
पतंगाच्या कागदाइतकी पातळ,
तिच्या ताटात, बिनमिठाची.

तिनं ती खिडकीशी उजेडात धरली,
बिया मोजल्या,
आणि अर्धी
माझ्या पानात वाढली.