खण

रोलाच्या मागच्या गल्लीत, लाँड्रीवरची इमारत.
लिफ्टला रमजानपासून दोरी बांधलेली.
चार मजले चढून मी घाम पुसते,
ओळखपत्र सरळ करते, टॅब उघडते.
परवडणारी घरं किती लागतील, कुणाला, केवढी,
हे कुणीतरी ठरवणार आहे म्हणे.
त्याआधी मोजायला मी.
पूर्ण भरलेल्या फॉर्ममागे बारा दिरहॅम.

बेल वाजते तशी आत पडद्यांची सळसळ.
दार बोटभर उघडतं.
"मुनिसिपालिटी?"
"नाही. सर्व्हे."
"चार माणसं," आतला आवाज घाईने सांगतो.
उंबऱ्याबाहेर चपलांचे सतरा जोड.

मग परकारचाचा पुढे आले, दापोलीकडचे.
माझ्या हिंदीतलं मराठी त्यांना पहिल्याच वाक्यात सापडलं.
"येवंदे तिला," म्हणाले कुणाला तरी,
आणि मला, "एकोणीस. दोघं ड्यूटीवर."

प्रश्न तीन. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं.
चूल एकच होती. वर भिंतीला वेळापत्रक चिकटवलेलं,
पहाटे साडेचारपासून वीस-वीस मिनिटांचं,
तेलाचे डाग पडून दोन नावं पुसलेलं.
"आता आम्ही कुटुंब एक, की एकोणीस?"
चाचा हसले. "एकोणीस लिहा.
तुमचे चार पैसे तरी होतील."

गावी घर खणांत मोजत.
दोन खणी, तीन खणी, मागे पडवी.
इथे हॉलचे प्लायवूडने पाच केलेत,
आणि मला खण म्हटलं की टेबलाचाच आठवतो,
ओढला की अर्ध्यात अडकणारा.

टंकबहादूर आणि राजशाहीचा शफिकुल, पलंग एक.
हा रात्री पहारा देतो, तो दिवसा लाद्या बसवतो.
गादी कधी गार होत नाही.
"आणि शुक्रवारी?"
"शुक्रवारी त्याचा नंबर. मी बागेत असतो."
असा रकाना नाही. मी "इतर" दाबते.

बाल्कनीत रोवेना. नखं रंगवते, सलूनमध्ये.
चारशे ऐंशी, एसी नाही, ऊन मात्र पुरेपूर.
प्रश्न चौदा, किती भाडं परवडेल?
सगळे गप्प होतात इथे, नेहमीच.
आकडा सांगितला की उद्यापासून तेवढं मागतील,
ही भीती मला प्रत्येक मजल्यावर भेटते.
रोवेना दाराच्या चौकटीवर बोट फिरवते.
"आतून कडी लागत असेल, तर सहाशे."

चहा झाला. हात धुवायला गेले
आणि सवयीने ब्रश मोजले.
बादलीवरच्या फळीवर, डब्यांत, पिशव्यांत, दोरीला अडकवलेले:
एकोणीस.
आणि एक पिवळा, बोटाएवढा,
दांड्यावर बदक असलेला. ओला.

बाहेर आले तर सगळे माझ्याकडे पाहत होते.
चाचांनी कप उचलून घेतला.
मीही काही विचारलं नाही.

जिन्यात बसून आकडा भरला. वीस.
टॅब लाल झाला:
एवढ्या क्षेत्रफळात एवढ्या व्यक्ती शक्य नाहीत.
खात्री आहे?
हो.
इमारत क्रमांक?
इथे माझा अंगठा थांबला.
खरा आकडा हवा, पण पत्त्याशिवाय,
नाहीतर घरं बांधायच्या आधी
ही माणसं मोकळ्यावर येतील चंबूगबाळ्यासकट.
मोकळा सोडला.
अपूर्ण फॉर्म, म्हणाला टॅब. मानधन लागू नाही.

खाली दिव्याच्या खांबावर नवा कागद,
डिंक अजून ओला,
फोन नंबरच्या झिरमिळ्या वाऱ्याला हलणाऱ्या:
चौथा मजला, लाँड्रीच्या वर. शांत, सभ्य, कौटुंबिक वातावरण.
जागा एक.